वारसा कुठे संपला आणि कुठे उरला? गावच्या वतनापासून महापालिकेच्या झाडूपर्यंत

१/
ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठी पदाची परीक्षा झाली. जागा सुमारे साडेचार हजार. अर्ज दहा लाखांहून अधिक. गावाच्या सातबाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका पदासाठी इतकी झुंबड उडाली. ज्या पदासाठी आज दोन-दोन वर्षे अभ्यासिकेत बसावे लागते, ते पद एके काळी अनेक गावांत जन्मतःच मिळत असे. त्याचे नाव तेव्हा कुलकर्णी. (थ्रेड)

२/
वारशाकडून परीक्षेकडे झालेला हा प्रवास बहुधा सरळ प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो: आधी वतन होते, मग संविधान आले, मग स्पर्धा परीक्षा. ही कथा खोटी नाही, पण अर्धी आहे. वारसा सर्व पदांवरून एकाच वेळी गेला नाही. तो आधी वरच्या पदांवरून गेला आणि खालच्या पदांवर रेंगाळत राहिला. उरलेली अर्धी कथा तिथे सापडते.

३/
प्रारंभ वतनापासून. वतन म्हणजे पद, त्या पदाचे मानपान, त्याची जमीन आणि त्याची चाकरी, हे सर्व एकत्र बांधलेले. गावात पाटील आणि कुलकर्णी. परगण्यात देशमुख आणि देशपांडे. आणि गावाच्या वेशीशी महार, रामोशी, जागल्या. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या रचनेचे तपशीलवार चित्र रेखाटले आहे. आत्रे स्वतः महसूल खात्यातले, त्यामुळे ही यंत्रणा त्यांनी आतून पाहिलेली होती.

४/
इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही. तिची नोंदवही केली. १८७४ चा मुंबई इलाख्याचा वंशपरंपरागत पदांचा कायदा, म्हणजेच प्रसिद्ध ‘वतन कायदा’, याच नोंदवहीचे कायदेशीर रूप होय. कोणत्या घराण्यात वतन आहे, त्यातला ‘प्रातिनिधिक वतनदार’ कोण आणि चाकरीची पाळी कोणाची, हे ठरवून नोंदवण्याचे काम कलेक्टरकडे आले. वतनाची जमीन सरकारच्या परवानगीवाचून घराण्याबाहेर देण्यास मनाई झाली.

५/
येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. रूढी लवचीक असते, नोंदवही नसते. पूर्वी वतने विकली जात, गहाण पडत, भाऊबंदकीत वाटली जात. कायद्याने ती घराण्याला घट्ट खिळवली. १८८६ च्या दुरुस्तीने तर विधवा वगळता घराण्यातील इतर स्त्रियांचा वारसा पुरुषांच्या मागे ढकलला. ‘प्राचीन परंपरा’ म्हणून जी दाखवली जाते, तिचा बराच भाग एकोणिसाव्या शतकातील कचेरीत घट्ट झालेला आहे.

६/
याच कचेरीतून ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ गावकामगार ही विभागणी रूढ झाली. पाटील-कुलकर्णी एका बाजूला. महार, रामोशी, जागल्या दुसऱ्या बाजूला. ही विभागणी कामाच्या कौशल्यावरून केलेली नव्हती. गावाच्या सीमा कुठे आहेत, कोणता बांध कोणाचा, हे वादाच्या वेळी महारालाच विचारले जाई. सरकारी वसुलीचा पैसा ठाण्यापर्यंत सुखरूप पोचवणाराही तोच. तरीही पद ‘कनिष्ठ’.

७/
वर्गीकरणाचे खरे काम येथे दिसते. पदाला दिलेला वर्ग त्या कामाचे मोल मोजत नव्हता. ते काम कोणत्या जातीकडे आहे, याची तो नोंद करत होता. एकदा ‘कनिष्ठ’ हा शिक्का बसला की त्यावरून मोबदला ठरे, वागणूक ठरे आणि त्या पदातून बाहेर पडण्याची वाटही ठरे. या शेवटच्या मुद्द्याचा पुरावा तर फारच स्पष्ट आहे.

८/
१८६० च्या दशकात इंग्रज सरकारने देशमुख-देशपांड्यांशी एक तडजोड केली. इतिहासात ती ‘गॉर्डन सेटलमेंट’ म्हणून ओळखली जाते. परगण्याच्या कारभाराला या वतनदारांची गरज उरली नव्हती. म्हणून त्यांना चाकरीतून कायमचे मोकळे केले गेले. त्यांनी ठरावीक जुडी भरायची आणि वतन मात्र स्वतःकडेच ठेवायचे. काम गेले, जमीन राहिली, मानही राहिला.

९/
आता त्यापुढची साठ-पासष्ट वर्षे ओलांडून १९२८ मध्ये यावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मागणी काय होती? ज्या महारांना चाकरी नको असेल त्यांना जमिनीचा पूर्ण सारा भरून तिच्यातून मुक्त होता यावे. बलुत्याच्या धान्याऐवजी रोख मोबदला मिळावा. आणि वतनदाराने कोणते काम करायचे, ते निश्चित व्हावे.

१०/
देशमुखांना जे न मागता मिळाले, त्याहून कमी येथे मागितले जात होते. आंबेडकरांचा आक्षेप मूलभूत होता. महार वतनदाराची चाकरी दिवसाच्या ठरावीक तासांची नव्हती, आणि एका माणसाचीही नव्हती. नेमलेला माणूस गैरहजर असेल तर घरातील दुसऱ्याला बोलावले जाई. पगार तुटपुंजा, काम अमर्याद आणि नकाराची सोय नाही. अशा पदाला नोकरी म्हणणे कठीण आहे.

११/
विधेयकाला तीव्र विरोध झाला आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. विरोधाचे कारण उघड होते. स्वस्त चाकरी सरकारला हवी होती आणि गावालाही. कनिष्ठ पदावरील माणूस मोकळा झाला असता तर त्याच्या कामाची खरी किंमत कोणाला तरी मोजावी लागली असती. ती मोजण्यास कोणीच तयार नव्हते. विसाव्या शतकातील या वादाचे पडसाद आजच्या एका वादात जसेच्या तसे ऐकू येतात; तो वाद पुढे येईलच.

१२/
ब्रिटिश मुलखात हे घडण्याच्या दहा वर्षे आधी कोल्हापूर संस्थानात वेगळाच प्रयोग झाला होता. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदे ब्राह्मणांकडे होती. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या. आरक्षणाच्या इतिहासात हा आदेश सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या पुढचे पाऊल मात्र कमी चर्चिले जाते.

१३/
ते पाऊल १९१८ चे. शाहूंनी कुलकर्णी वतने रद्द केली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी महार वतनेही रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. वतनदार कुलकर्ण्यांनी कडाडून विरोध केला. परंतु महत्त्वाचे हे की शाहूंनी वरची आणि खालची अशी दोन्ही टोके एकाच वर्षी सोडवली. आधी वरचे, मग सवडीने खालचे, असा क्रम त्यांनी लावला नाही.

१४/
स्वतंत्र भारतात मात्र असा क्रम लागला. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५० चा. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, आणि तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. पुढे १९६७ च्या कायद्याने नेमणुकीचा, मानधनावरचा पोलीस पाटील आला. बारा-तेरा वर्षांत शतकांची रचना कागदावरून पुसली गेली.

१५/
या काळातील एका खटल्याची ओळख इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असायला हवी. आंध्रातील गुंटूर जिल्ह्यात एका गावाचे विभाजन होऊन नवे गाव झाले. तेथील मुन्सफाच्या पदावर एकाची निवड झाली. दुसऱ्याने दावा केला, की मूळ गावचे मुन्सफपद वडिलांकडे होते, म्हणून नव्या गावातील पदावर हक्क त्याचाच. जुना मद्रास कायदा या दुसऱ्या दावेदाराच्या बाजूने होता.

१६/
६ डिसेंबर १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: दशरथ रामराव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. गावचे पद हे राज्याखालील पद आहे, आणि संविधानाच्या कलम १६(२) नुसार केवळ ‘कूळ’ या कारणावरून नागरिकाला असे पद नाकारता येत नाही. भेदभावाला मनाई करणाऱ्या कलम १५ मध्ये ‘कूळ’ हा शब्द नाही. सरकारी नोकरीविषयीच्या कलम १६ मध्ये तो आहे. वंशपरंपरागत पदांच्या देशात या एका शब्दाचे वजन किती, ते या निकालाने दाखवले.

१७/
मग महाराष्ट्रात आजची रचना उभी राहिली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. वरची पदे राज्य सेवेतील अधिकाऱ्यांकडे. त्याखाली १९६७ च्या सेवाप्रवेश नियमांनी तीन कप्पे पाडले: जिल्हा तांत्रिक सेवा वर्ग ३, जिल्हा सेवा वर्ग ३ आणि जिल्हा सेवा वर्ग ४. पुढे ‘वर्ग’ जाऊन ‘गट’ आला. कप्पे तेच राहिले.

१८/
या कप्प्यांची मोठी देणगी नाकारता येणार नाही. पदासाठी शिक्षणाची अट, जाहिरात, परीक्षा, आरक्षणाची बिंदुनामावली, ज्येष्ठता यादी हे सर्व रुक्ष शब्द आहेत. पण हा रुक्षपणाच गावच्या पोराला वतनदाराच्या मर्जीतून सोडवतो. भरतीतील विलंब, फुटलेले पेपर, रद्द झालेल्या जाहिराती यांबद्दलचा संताप योग्य आहे. तो इतका तीव्र असण्याचे कारणही हेच: हा हक्क फुकट मिळालेला नाही, हे कुठेतरी सर्वांना जाणवते.

१९/
परंतु कप्प्यांच्या बाहेर कोण राहिले? कनिष्ठ वतने गेल्यावर गावात कोतवालाचे पद आले. दवंडी, नोटिसा, तलाठ्याला मदत, साहेबांच्या दौऱ्याची व्यवस्था: कामांची यादी जुन्या चाकरीची आठवण करून देते. कुलकर्ण्याच्या जागी आलेल्या तलाठ्याला वेतनश्रेणी मिळाली; महाराच्या जागी आलेल्या कोतवालाला मानधन. चतुर्थ श्रेणीचा दर्जा मिळावा, ही कोतवालांची मागणी अनेक दशकांची आहे.

२०/
२०२३ मध्ये कोतवालाचे मानधन १५,००० रुपये झाले. अलीकडे नावेही बदलली: तलाठी आता ‘ग्राम महसूल अधिकारी’, कोतवाल ‘महसूल सेवक’. एकाला अधिकारी, दुसऱ्याला सेवक. नाव बदलताना वरिष्ठ-कनिष्ठ ही जुनी जोडी किती सहज नव्या शब्दांत शिरली, हे पाहण्यासारखे आहे. पदाची पाटी रंगवणे सोपे असते; तिच्यामागील वेतनश्रेणी बदलणे कठीण.

२१/
शहरातील चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. महापालिका आणि नगरपालिकांतील सफाई कामगारांसाठी १९७० च्या दशकात लाड-पागे समितीच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या. त्यांनुसार सफाई कामगार निवृत्त झाला तरी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ही अनुकंपा नियुक्ती नव्हे. अनुकंपेत सेवेत असताना मृत्यू आणि कुटुंबाची निकड असावी लागते. येथे वारसा हाच हक्क आहे. शासनाने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी या धोरणाचा सुधारित निर्णय काढला आणि त्यालाही उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आव्हान मिळाले.

२२/
म्हणजे ज्या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये गावच्या मुन्सफपदावरून हद्दपार केले, ते महापालिकेच्या सर्वांत खालच्या पदावर हक्क म्हणून जिवंत आहे. कुलकर्ण्याचा मुलगा आज जन्माने तलाठी होऊ शकत नाही. सफाई कामगाराचा मुलगा मात्र जन्माने सफाई कामगार होऊ शकतो. पुस्तकी समतावादी येथे लगेच निष्कर्ष काढेल: हा वारसाही रद्द करा. इतक्या घाईने हा निष्कर्ष काढणे म्हणजे इतिहास न वाचणे होय.

२३/
कारण या वारशाला धरून ठेवणारे कामगार स्वतः आहेत, आणि त्यांची बाजू भक्कम आहे. या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या इतर कोणीही रांगेत उभे राहिले नाही. पगार, भविष्यनिर्वाह निधी, डोक्यावर छप्पर यांची हमी देणारी एकमेव वाट हीच होती. आज ती सोडली तर पुढे काय? परीक्षा नव्हे, ठेकेदार. मुंबईतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत लढावे लागले.

२४/
म्हणून तुलना पुन्हा गॉर्डन सेटलमेंटशी करावी लागते. देशमुखांचा वारसा संपवताना त्यांच्या हाती काही दिले गेले. १९५० मध्ये परगणा वतनदारांची वतने गेली तेव्हाही मोबदल्याचा विचार कायद्यात होता. १९५८ च्या कायद्याने महार वतनाच्या जमिनी ठरावीक रक्कम भरल्यावर परत दिल्या, पण त्यांच्या हस्तांतरावर सरकारी परवानगीची अट ठेवली. वरच्याला मोकळीक, खालच्याला अटी, हा नमुना जुना आहे.

२५/
सफाईच्या कामातील वारसा संपावा, यात शंका नाही. पण तो संपवण्याचा क्रम उलटा हवा. आधी ते काम कायम वेतनश्रेणीत यावे, ठेकेदारी थांबावी, गटारात माणूस उतरवणे खरोखर बंद व्हावे आणि शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाला साजेशा पदावर हक्काने जाता यावे. आजचा हक्क प्रामुख्याने सफाई कामगाराच्याच पदाशी बांधलेला आहे. घराला संरक्षण आणि हाताला तोच झाडू, अशी ती देवघेव आहे.

२६/
ज्या दिवशी या पदाचा पगार आणि मान असा असेल की त्याच्या जाहिरातीला सर्व जातींतून अर्ज येतील आणि सफाई कामगाराची मुलगी तलाठ्याच्या परीक्षेला निर्धास्तपणे बसेल, त्या दिवशी वारसा हक्काची गरज आपोआप गळून पडेल. त्याआधी तो काढून घेणे म्हणजे समतेच्या नावाने स्वस्त मजूर मिळवणे. १९२९ मध्ये विधेयक हाणून पाडणाऱ्यांचा हिशेबही स्वस्त चाकरीचाच होता.

२७/
प्रशासनाच्या इतिहासात गट अ, ब, क, ड ही अक्षरे तटस्थ वाटतात. ती तशी नाहीत. प्रत्येक अक्षरामागे एक जुनी नोंदवही आहे आणि त्या नोंदवहीत कोणाच्या तरी आजोबांचे नाव आहे. तलाठ्याच्या परीक्षेसाठी अर्ज करणारे दहा लाख तरुण त्या नोंदवहीतून सुटले, ही विसाव्या शतकाची कमाई. कोतवाल आणि सफाई कामगार अजून तिच्यातच आहेत, हे एकविसाव्या शतकाकडे असलेले देणे.
(समाप्त)